खुर्ची नव्हे, पाय

नांदेड-हिंगोली रस्त्यावरील डोंगरकड्याला जवळचा विमानतळ नांदेडचा. गावातील मुलगा शहरात नोकरीस लागला की आईवडिलांना एकदा तरी विमानात बसवावे, अशी त्याची हौस असते. वडील अधू असतील तर त्या हौसेत काळजीही मिसळते. तिकीट मिळेल, परंतु वडिलांची व्हीलचेअर त्यांच्यासोबत धड अवस्थेत उतरेल काय?

ही काळजी अनाठायी नाही. नागपुरात जन्मलेल्या पॅरा टेबल टेनिसपटू सुवर्णा राज डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीहून चेन्नईस गेल्या. आपली खुर्ची विमानाच्या दारापाशी मिळावी, अशी वारंवार विनंती करूनही ती ऐकली गेली नाही आणि खुर्ची मोडलेल्या स्थितीत हाती आली, अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. खुर्चीची किंमत त्यांनी ३ लाख रुपये सांगितली. आता नियम पाहा. २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात सामान गहाळ झाले वा मोडले, तर भरपाईची कमाल मर्यादा २० हजार रुपये! कपड्यांच्या बॅगेसाठी ती पुरेशी असेलही. बॅग हरवली तर माणूस दुसरा सदरा विकत घेतो. खुर्ची मोडली तर त्याच क्षणी त्याचे चालणे थांबते. विमानतळावरची खुर्ची मिळते, हे खरे. पण ती दुसऱ्याने ढकलायची असते. शरीराच्या मापाने बनवलेल्या आणि स्वतःच्या हाताने चालवता येणाऱ्या खुर्चीची सर तिला कोठून येणार? अपंग व्यक्तीची खुर्ची ‘सामान’ या सदरात मोजणे, हाच मूळ दोष आहे. भरपाईच्या मर्यादेतून तिला वगळलेच पाहिजे.

न्यायालयाने आपले काम केलेले आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्यास निघालेल्या जीजा घोष यांना त्यांच्या अपंगत्वामुळे विमानातून उतरवण्यात आले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांच्या प्रवाशाला व्हीलचेअर मिळाली नाही. पत्नीच्या खुर्चीसोबत चालत असताना ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. दंड सरकारजमा होतो. गेलेला माणूस परत येत नाही. ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणायला आपण चटकन शिकलो. जिभेला वळण लावणे सोपे. हातांना वळण लावायला प्रशिक्षण लागते, आणि नेमके तेथेच आपले गाडे अडते.

नियम बदलेपर्यंत डोंगरकड्याच्या त्या मुलाने सावध राहावे. मदतीची गरज निघण्यापूर्वी ४८ तास आधी लेखी कळवावी. खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची आहे आणि उतरताना तेथेच हवी आहे, हे त्यात स्पष्ट लिहावे. खुर्ची सोपवताना तिची छायाचित्रे काढून ठेवावीत. खुर्ची विजेवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार व क्षमता आधीच सांगावी. काढून घेतलेली लिथियम बॅटरी प्रवाशाने स्वतःसोबत केबिनमध्येच न्यावयाची असते. खुर्चीची मोडतोड झालेली दिसली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून तिची पोच घ्यावी.