ओळख कायद्याची : बांधावरची मारामारी आणि 'एन.सी.'

पेरणी तोंडावर आली की बांधावरची भांडणे सुरू होतात. एकाने नांगराचे तास बांधात घातले, दुसऱ्याने हटकले, शब्दाला शब्द वाढला आणि काठ्या निघाल्या. मार खाल्लेला माणूस पोलीस ठाण्यात जातो. तिथला अंमलदार चार ओळी लिहून घेतो, हातात एक कागद देतो आणि "आता कोर्टात जा" म्हणतो. घरी परतल्यावर जो तो म्हणतो, समोरच्याने ठाण्यात हात ओले केले. तसे कधी होत असेलही. पण पुष्कळदा अंमलदार कायद्याप्रमाणेच वागलेला असतो.

त्या कागदाला गावोगाव 'एन.सी.' म्हणतात. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. फौजदारी कायद्याने गुन्ह्यांचे दोन भाग केले आहेत. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात आणि वॉरंटाशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय त्यांना तपास करता येत नाही.

आता मारामारीचेच पाहा. काठीचा वळ उठला, ओठ फुटला, तर ती साधी दुखापत. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, गुन्हा अदखलपात्र. पण हाड मोडले, दात पडला किंवा जखमी माणसाला पंधरा दिवस नेहमीची कामे करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत होते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने वार केला असेल तर जखम लहान असली तरी गुन्हा दखलपात्रच. म्हणून फिर्याद देताना नुसते "मला मारले" म्हणू नका. कोणाच्या हातात काय होते, वार कुठे बसला, हे सांगा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. हाडाची शंका असेल तर एक्स-रे काढाच. पुढे सगळे त्या कागदावर ठरते.

जुना कायदा म्हणजे 1860 ची भारतीय दंड संहिता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे चावडीवर बोलले जाणारे 'तीनशे दोन' आता एकशे तीन झाले आहे आणि 'चारशे वीस' तीनशे अठरा. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमे लागतात.

शेतातला उभा ऊस जमिनीला जोडलेला आहे तोवर तो चोरीचा माल होत नाही. लबाडीने तोडला की चोरी झाली. झाडाचेही तसेच. शेतीचे पाणी जाणूनबुजून तोडले किंवा कमी केले तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे, हे पाटावर पाळी मोडणाऱ्यांना ठाऊक नसते.

जामिनाचा हिशेब वेगळा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे; द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवते. हात मोडल्याचा गुन्हा जामीनपात्र आणि चोरीचा सहसा अजामीनपात्र, हे मला तरी पटत नाही. पण कायदा तसा आहे.

एन.सी. मिळाली म्हणजे दार बंद झाले असे नाही. ती घेऊन दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. ते तपासाचा हुकूम देऊ शकतात. गुन्हा दखलपात्र असूनही ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदला की प्रथम खबरीची नक्कल फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या.

आणि बांध कोणाचा, हे पोलीस ठरवू शकत नाहीत. तो वाद दिवाणी. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरावी लागते, तीही पेरणीच्या आधी. पीक उभे राहिल्यावर मोजणीदाराला मोजणी करायला वाट उरत नाही.