तो मोठा दिवा आई की बाबा?

१९८६ साली डॅलसला सिगग्राफ भरलं होतं. सिगग्राफ म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांची वार्षिक जत्रा. त्यात पिक्सारने 'लक्सो ज्युनिअर' नावाची जेमतेम दोन मिनिटांची फिल्म दाखवली. टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा, एक छोटा, आणि एक चेंडू. बस्स. फिल्म संपल्यावर जिम ब्लिन दिग्दर्शक जॉन लॅसेटरला येऊन भेटला. हा ब्लिन म्हणजे साधासुधा प्रेक्षक नव्हे. व्हॉयेजर यानांच्या प्रवासाची ॲनिमेशन्स करणारा, ज्याच्या नावाचं शेडिंग मॉडेल आजही ग्राफिक्सच्या वर्गात शिकवतात तो ब्लिन. लॅसेटरला वाटलं, आता हा सावल्यांच्या अल्गोरिदमबद्दल काहीतरी अवघड विचारणार. ब्लिनने विचारलं, तो मोठा दिवा आई आहे की बाबा?

ऑफिसात कोणी "काय ग्राफिक्स आहेत यार!" म्हणत एखादी लिंक पाठवली की मला हटकून हा किस्सा आठवतो. ग्राफिक्सबद्दल बोलायचा ज्याला सगळ्यात जास्त अधिकार होता, त्याला ग्राफिक्स दिसलंच नाही. त्याला एक मोठा माणूस आणि एक व्रात्य पोर दिसलं.

आणि ते दिसावं म्हणून काय काय केलंय बघा. कॅमेरा जागचा हलत नाही. मागे नुसता काळोख. दिव्यांना डोळे नाहीत, तोंड नाही. छोटा दिवा म्हणजे मोठ्याला कॉर्नरला धरून बारीक केलेला दिवाही नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा वेगळ्या प्रमाणात असतं ना, तशी त्याची छत्री आणि दांडे वेगळ्या मापाने लहान केलेत, बल्ब मात्र मोठ्याएवढाच ठेवलाय. (कारण बल्ब दुकानातून आणतात, तो काही वाढत नाही. हे लॅसेटरचंच लॉजिक!) छोट्याने उडी मारून चेंडूतली हवा घालवली की मोठा त्याच्याकडे बघतो आणि छोट्याची मान खाली जाते. आपल्या प्रत्येकाच्या घरी हे होऊन गेलेलं आहे. त्यासाठी संवाद लागत नाही.

तर मंडळी, आजचा विषय हा. माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या ॲनिमेटेड लघुपटाचं सगळं कसब काय दाखवायचं यापेक्षा काय सांगायचं नाही यात असतं. आणि आपल्याकडे नेमकी तिथेच माती खाल्ली जाते.

कॅमेऱ्याने शूट केलेल्या सिनेमात बरंच काही फुकट मिळतं. रस्त्यावर शूटिंग केलं की मागे चहाची टपरी येते, एखादं कुत्रं येतं, नटाच्या कपाळावर घाम येतो. ॲनिमेशनमध्ये काहीच फुकट नाही. कुत्रं हवं असेल तर कोणीतरी बसून काढायचं. सेकंदाला २४ फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स धरून ठेवलं तरी आठ मिनिटांच्या फिल्मला पाच हजार सातशे साठ चित्रं. एवढी मरमर असताना माणूस प्रत्येक गोष्टीला विचारतो, बाई, तू इथे कशाला आहेस? हा प्रश्न पाच हजार वेळा विचारल्यावर जे उरतं, ती गोष्ट.

आठ मिनिटांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मायकेल ड्यूडॉक डे विट या डच दिग्दर्शकाची 'फादर अँड डॉटर' (२०००) साधारण तेवढीच आहे. तिला ऑस्कर मिळालं, पण ते सोडा. बांधावरून बाप आणि चिमुरडी मुलगी सायकली चालवत येतात. बाप निरोप घेतो, खाली होडीकडे जायला लागतो, मग न राहवून परत पळत येतो, मुलीला उचलून घेतो. आणि जातो. मुलगी त्याच जागी पुन्हा पुन्हा येत राहते. वाऱ्यात येते, मैत्रिणींबरोबर येते, प्रियकराच्या सायकलवर मागे बसून येते, नवरा आणि मुलांना घेऊन येते, म्हातारी होऊन येते. बाप येत नाही. संवाद शून्य. सोबतीला फक्त इव्हानोविचीचं १८८० सालचं 'डॅन्यूबच्या लाटा' हे वॉल्ट्झ, तेही अकॉर्डियन-पियानोवर.

सगळ्यात धाडसी गोष्ट कुठली असेल तर चेहरे. आपल्याला ते धड दिसतच नाहीत! माणसं लांब, छोटी, बरीचशी काळ्या आकृत्यांसारखी. लांबच लांब सावल्या आणि डोक्यावर अफाट आकाश. एखाद्या हिंदी सिनेमात अशा प्रसंगी डोळ्यांतल्या पाण्याचा क्लोज-अप चार वेळा आला असता. इथे क्लोज-अप मिळतो तो सायकलच्या चाकाला. मग मुलीचं दुःख कळतं कसं? तर आपण कोड रिव्ह्यू करताना अख्खी फाइल वाचत नाही, डिफ वाचतो, तसं. जागा तीच, झाडं तीच, बांध तोच. तीच फ्रेम परत आली की डोळा आपोआप बदललेलं शोधतो. आज ती थांबून पाण्याकडे बघते. आज नुसती मान वळवते. दिग्दर्शकाने "ती विसरत चालली आहे" असं कुठेही म्हटलेलं नाही. ते वाक्य आपल्या डोक्यात आपणच तयार करतो, आणि स्वतः तयार केलेलं वाक्य जास्त लागतं.

शेवटी शेवटी म्हातारी सायकल उभी करायला जाते आणि ती पडते. पुन्हा उभी करते, पुन्हा पडते. म्हटलं तर विनोद, हसू येतंही. पण म्हातारपण, थकलेले हात, आणि आता या सायकलची पुन्हा गरज पडणार नाही हे, एवढं सगळं त्या पडण्यात आहे. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की तोवर पाणी आटून तिथे गवत वाढलेलं असतं. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्यांच्या देशातल्या माणसाला ते सुचावं याचं नवल नाही.

मी ही फिल्म एका मित्राला दाखवली. त्याचा पहिला प्रश्न, "पण बाप गेला कुठे? मेला का?" प्रश्न वाजवी आहे. पण त्या मुलीलाही ते माहीत नाही ना! आपल्याला कळलं असतं तर आपण तिच्या पुढे गेलो असतो आणि मग नुसती तिची कीव केली असती.

आता दुसरं उदाहरण, जपानचं. कुनिओ कातोची 'ला मेझों आं पेती क्यूब' (२००८), बारा मिनिटांची. गाव पाण्यात बुडत चाललंय. एक एकटा म्हातारा पाणी चढलं की घरावर आणखी एक मजला बांधतो आणि वर राहायला जातो. एक दिवस त्याचा आवडता पाइप खाली पाण्यात पडतो. तो आणायला हा पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरतो, आणि मग थांबतच नाही, एकेक मजला खाली जात राहतो. प्रत्येक मजल्यावर आयुष्याचा एक तुकडा. आजारी बायकोचा पलंग, त्याखाली मुलीचं लग्न, त्याखाली आणखी जुनं काही. स्टॅक! शेवटचं आधी, पहिलं शेवटी. (प्रत्येक गोष्टीत कोड दिसायचा हा रोग बरा होणार नाही :) ) फ्लॅशबॅक म्हटला की पडदा धूसर करणं, "वीस वर्षांपूर्वी" अशी पाटी टाकणं, हे सगळे उपाय इथे बाद. भूतकाळात जायचंय? जिना खाली जातो, उतर. काळाचं त्याने घर करून टाकलं.

या फिल्मची निवेदन असलेलीही एक आवृत्ती आहे. शक्य असेल तर बिनआवाजी आवृत्ती आधी बघा. निवेदन वाईट आहे म्हणून नव्हे. पण कोणीतरी गोड आवाजात सांगायला लागलं की डोळे सुटीवर जातात. पॉवरपॉइंटमधली वाक्यं वाचून दाखवणाऱ्या मॅनेजरसमोर आपलं जे होतं, तेच.

आणि इथे मी माझ्या तक्रारीवर येतो. आपल्याकडचे नवे ॲनिमेटेड लघुपट मी आवडीने बघतो, चित्रं अप्रतिम असतात. पण दर दुसऱ्या फिल्ममध्ये सुरुवातीला एक भारदस्त आवाज काय घडणार ते सांगतो, आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तात्पर्य येतं. झाडं वाचवा. आईवडिलांना वेळ द्या. अरे, पाच मिनिटं तेच तर दाखवलंस! प्रेक्षकाला कळणार नाही ही भीती एवढी आहे की स्वतःच्या चित्रांवरच विश्वास उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की आपली परंपराच बोलकी आहे, कीर्तनापासून 'एक अनेक और एकता'पर्यंत. मान्य. विजया मुळे यांची ती फिल्म (१९७४) तर गाण्यावरच उभी आहे आणि दूरदर्शनच्या पिढीला ती तोंडपाठ आहे. शब्द नकोत असं मला म्हणायचंच नाही. पण भीमसेन यांच्या ॲनिमेशनमध्ये पक्षी जाळं घेऊन उडतात ते दृश्य आवाज बंद करून बघा. कळतं. गाणं तिथे चित्राला नाचवतं, त्याची कुबडी होत नाही.

शिवाय आपल्याकडे जमत नाही असंही नाही. आपल्या मुंबईच्या, जे. जे.मधून शिकलेल्या गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तीन पुरस्कार घेऊन आली. शहरातल्या फ्लॅटमध्ये एक म्हातारी आणि तिचं मांजर. म्हातारीला काडेपेट्या जमवायचा नाद. तिचं रोजचं जगणं करड्या रंगात, आणि काडेपेटीवरच्या छापात शिरली की रंगांची नुसती उधळण. संवाद नाहीत. एकटेपणा हा शब्द कुठेही न वापरता तो पहिल्या मिनिटात कळतो, कारण खोलीत रंगच नाही. आणि काडेपेटीच का? तर आपल्याकडे सगळ्यात स्वस्त छापील चित्र बहुधा तेच. सिंह, कमळ, राजाराणी, एके काळी रुपया-आठ आण्यात. ही निवड बाहेरच्या कोणाला सुचली नसती.

खरं तर आज हे लिहायला बसलो त्याला कारण वेगळंच आहे. हल्ली एक वाक्य टाइप केलं की सॉफ्टवेअर काही सेकंदांची हलती चित्रं काढून देतं. मी याच धंद्यात आहे, मला त्याचं कौतुक आहे, गळा काढणार नाही. पण वर म्हटलं ते आठवा. फ्रेम महाग होती म्हणून प्रत्येक फ्रेमला जाब विचारला जायचा. आता कुत्रं फुकट, टपरी फुकट, घामही फुकट. मग "तू इथे कशाला?" हे विचारणार कोण? लक्सोच्या वेळी मागे काळोख ठेवला तो काही अंशी परवडत नव्हतं म्हणून. आता परवडत असताना काळोख ठेवायची हिंमत लागेल. मला चिंता यंत्राची नाही, प्रेक्षकाची आहे, म्हणजे आपलीच. एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या स्क्रीनवर फिल्म 'ऐकणाऱ्या' माणसासाठी कोण कशाला आठ मिनिटं गप्प राहील? मग येणारच तो भारदस्त आवाज.

असो. उद्या रविवार आहे. 'फादर अँड डॉटर' बघा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि म्हातारीची ती सायकल किती वेळा पडते ते मोजून मला कळवा.