अंगणातली फुलपाखरे

दाराशी उन्हात जास्वंद, एक्झोरा लावा. फुलपाखरे मध प्यायला येतील. पण अंडी घालायला त्यांना दुसरे झाड लागते. नीलवंत, म्हणजे २०१५ साली ठरलेले आपले राज्य फुलपाखरू, लिंबोणीच्या पानांवर अंडी घालते. अळी आधी पाखराच्या शिटेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. कोवळ्या रोपाची पाने ती फस्त करते, हे खरे. तरी लगेच औषधाचा पंप काढू नका. अळ्या वेचून परसातल्या जुन्या लिंबोणीवर सोडा. मोठ्या झाडाला चार पाने जड नाहीत. अळीने उग्र वासाची शिंगे काढली तरी भिऊ नका, ती चावत नाही. कढीलिंबावरही अशाच अळ्या येतात. तिथे तर फवारा नकोच. ती पाने आपल्याच आमटीत पडतात!