राखून ठेवलेली मूठ

बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर धाराशिव जिल्हा पसरलेला आहे. सह्याद्रीवर मनसोक्त कोसळून हलके झालेले ढग येथवर येतात खरे. परंतु ते बरसतीलच, असा भरवसा नसतो. या मुलखात रानात ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन पिकते. आणि घराच्या मागे, मोरीचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर, परसबाग असते. पाण्याच्या वाटेवर अळू, कुडाच्या कडेला दोडका, छपरावर चढलेला भोपळा, मेथीचे दोन वाफे आणि कोपऱ्यात शेवगा, एवढाच तिचा पसारा. रानातले पीक गेले तर त्याची चर्चा चावडीवर होते, पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत रकाने भरतात. परसातला वाफा वाळला तर त्याची दखल कोणी घेत नाही. त्या दिवशी ताटात भाकरीबरोबर नुसता ठेचा पडतो, इतकेच. असे असले तरी लहरी हवामानाला तोंड कसे द्यावे, याची शिकवण मोठ्या शेतापेक्षा या लहानशा वाफ्यातच अधिक चांगली मिळते.

जूनच्या ७ किंवा ८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. त्या दिवशी पेरणीचा हंगाम उभा राहिला असे मानण्याची रीत फार जुनी आहे. पंचांगात तर प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की घरोघर आनंद. कोल्हा अथवा मेंढा आला की चेहरे उतरतात. मग मृग कोरडा गेला म्हणजे लोक म्हणतात, ‘नक्षत्र खोटे ठरले.’ हा नक्षत्रावर अन्याय आहे. सूर्याचे गणित कधी चुकले नाही, आणि पावसाची हमी त्याने कधी घेतलीही नव्हती. पाऊस वाऱ्यांवर आणि दूरच्या समुद्रांच्या तापमानावर अवलंबून असतो. पूर्वजांनी अनेक वर्षांचा अनुभव गोळा करून, पाऊस बहुधा केव्हा येतो, ते सांगून ठेवले. ‘बहुधा’ हा शब्द मात्र पुढच्या पिढ्या विसरल्या.

खरा घात करतो तो पहिला पाऊस. तापलेल्या मातीचा गंध सुटतो, अंगणात पाणी वाहते, आणि गाडग्यातले सारे बी त्याच संध्याकाळी मातीत जाते. हा मोह कोणाला आवरत नाही. आठ वर्षांच्या पोरालाही नाही आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही नाही. परंतु बियांच्या पोटात काय घडते, ते पाहिले पाहिजे. कोरडे बी झोपलेले असते व त्या झोपेत महिनोन् महिने सुखरूप राहते. ओल लागली की ते फुगते, त्याची साल फाटते आणि मूळ बाहेर पडते. एकदा एवढे झाले की त्याला पुन्हा झोपी जाता येत नाही. वरची दोन बोटे माती भिजवून पाऊस दहा-बारा दिवस दडी मारून बसला, तर कोवळे मूळ कोरड्या मातीत वाळून जाते. शेतकरी ज्याला दुबार पेरणीचे संकट म्हणतात, ते हेच. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ७५ मिलिमीटर म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर ७५ लिटर पाणी. पंधरा लिटरांच्या घागरीने मोजले तर पाच घागरी. पहिल्या सरीने दोन घागरी तरी दिल्या की नाही, हे न पाहताच बी टाकले जाते.

परंतु नुसते थांबणे हेही पुरेसे उत्तर नव्हे. या जिल्ह्यावर आलेली संकटे एकाच जातीची नाहीत. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे भर काढणीच्या दिवसांत, मराठवाड्यावर गारा पडल्या. आणि २०२५ च्या सप्टेंबरात येथेच इतका पाऊस झाला की परांडा व भूम तालुक्यांतील गावांत पुराचे पाणी शिरले आणि शेतांतील माती खरवडून गेली. जो वाफा एका वर्षी पाण्यावाचून मरतो, तोच दुसऱ्या वर्षी पाण्यात बुडून मरतो. काळी माती पाणी धरून ठेवते. ते साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही आणि भर पाण्यात उभे असलेले रोप सुकल्यासारखे मान टाकते. उंच गादीवाफा पुरात तगतो, तर उन्हात लवकर सुकतो. गवार कोरड्याला दाद देत नाही. पण साचलेले पाणी तिला सोसत नाही. अळूचे याच्या अगदी उलट. कोणते वर्ष कसे उजाडेल हे कळत नसताना एकाच उपायावर आणि एकाच दिवसावर सारे घर लावणे, हा जुगार होय.

त्यापेक्षा बी वाटून पेरावे. चांगली ओल झाल्यावर एक वाटा, पंधरवड्याने दुसरा, आणि तिसरा वाटा पोळा उलटेपर्यंत गाडग्यातच. यात नुकसान होते, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण पाऊस शहाण्यासारखा वागला तरी या रीतीत काही बिघडत नाही. सारी मेथी एकाच आठवड्यात कापणीला आली, तर पाच माणसांचे घर ती खाणार तरी किती? वाटून पेरलेली मेथी महिनाभर पुरते.

‘बी संपले तर बाजारातून पुडी आणता येते,’ असा आक्षेप कोणी घेईल. पुडी मिळते, हे खरे. परंतु पहिली पेरणी बुडते तेव्हा ती सगळ्या गावाची एकदमच बुडते, आणि सारे गाव एकाच दुकानापुढे येऊन उभे राहते. शिवाय संकरित वाणाला फळे भरघोस लागतात, हे मान्य केले तरी त्याचे बी धरून पुढच्या वर्षी पेरल्यास मूळच्या वाणासारखी झाडे मिळत नाहीत. गावरान घेवड्याचे, दोडक्याचे, भोपळ्याचे बी मात्र घरचे घरी राखता येते. पहिली निरोगी फळे न तोडता वेलावरच वाळवायची, बी काढून सावलीत सुकवायचे, राखेत घोळून गाडग्यात भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायचे. राख ओल शोषून घेते आणि किडीलाही अटकाव करते. प्रत्येक बियाण्याचे आयुष्य मात्र वेगळे असते. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते. शंका आल्यास दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात; सात-आठ दिवसांत किती उगवल्या ते मोजले की बियाण्याची पत कळते.

हे काम बहुतेक घरांत स्त्रियाच करीत आल्या आहेत, आणि तरीही जमिनीत काय पेरावे हे ठरविताना त्यांना विचारले जात नसे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम उभे राहिले. पुढे दुष्काळ येऊ लागले, तेव्हा संस्थेशी जोडलेल्या शेतकरी स्त्रियांनी घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर आपल्या विचाराने कसण्यासाठी मागून घेतला. त्यात त्यांनी नगदी पिकाऐवजी ज्वारी-बाजरी, डाळी आणि भाजीपाला अशी मिसळून पिके घेतली. त्यामागचा विचार साधा होता. सोयाबीन बाजारात जाऊन आल्याखेरीज चुलीवर येत नाही. घेवडा थेट येतो. एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी असते. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. जगाने नावाजलेली ही रीत परसबागेचीच होती. कुडाच्या आतून ती रानात गेली, एवढेच.

आता अनेक शाळांच्या आवारातही परसबागा होऊ लागल्या आहेत. तेथे पहिल्या पावसानंतर सारी मुले वाफ्यांभोवती गोळा होतात आणि आपल्या वाट्याचे बी आजच टाकायला मिळावे, म्हणून गलका करतात. त्या गलक्यात गाडगे छातीशी धरून, ‘यातले अर्धे आज नाही,’ असे म्हणणारे एखादे मूल असावे. त्या दिवशी बाकीची मुले त्याला कंजूष म्हणतील. श्रावण कोरडा गेला, की तीच मुले त्याच्या गाडग्याभोवती गोळा होतील.