भरड माशांचा गळ



शेततळ्यातल्या माशांविषयी या सदरात काही लिहिले की पत्रे येतात ती बहुधा दोनच प्रश्नांची. बीज कोठे मिळेल आणि मासा किलोचा व्हायला किती महिने लागतील. यंदा मात्र एक पत्र निराळे आले. कॉलेजात शिकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले आहे, ‘विलायतेत लोक दिवसभर गळ टाकून बसतात, मासा पकडतात, त्याचे वजन करतात आणि परत पाण्यात सोडून देतात, असे ऐकले. हे खरे काय? खरे असेल तर यात शहाणपणा कोणता?’

खरे आहे. शहाणपणाचे पुढे पाहू.

या विषयातला अनुभवी माणूस माझ्या माहितीत एकच. आमच्या तालुक्यातलेच गृहस्थ. लेथवरचे काम शिकून १९६६ साली बर्मिंगहॅमला गेले, तिकडच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि तिकडचेच झाले. दर थंडीत दोन महिने गावी येतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी आहे. गळ, रिळे, तरंगत्या काड्या, शिशाचे मणी असे सगळे जुने सामान तिच्यात नीट कप्पे करून ठेवलेले. गोष्ट सुरू झाली की काका एकेक वस्तू काढून समोर मांडतात. काकू म्हणतात, ‘दागिन्यांना एवढे जपले असते तर!’

आधी नावाचे सांगतो. इंग्लंडात गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग मानतात. सॅमन आणि ट्राउट हे मानाचे मासे. त्यांच्या नद्या पुष्कळदा जमीनदारांच्या मालकीच्या, आणि तिथे गळ टाकायचा तर पैसा मोजावा लागे. बाकी सगळे म्हणजे रोच, ब्रीम, टेंच, पर्च, पाइक, चब, बार्बेल आणि कार्प हे ‘कोर्स’ मासे. कोर्स म्हणजे भरड. आपण ज्वारी-बाजरीला भरडधान्य म्हणतो ना, तसेच. मानाचा मासा साहेबाच्या ताटात, भरड मासा कामगाराच्या गळाला. गिरणीतले, खाणीतले, लोखंडाच्या कारखान्यातले लोक रविवारी कालव्यावर नाहीतर नदीवर जाऊन बसत. बर्मिंगहॅमच्या गळवाल्यांची संघटना तर हजारो सभासदांची होती. काकांना पहिल्या वर्षी त्यांच्या लेथशेजारचा एक म्हातारा कारागीर असाच सेव्हर्न नदीवर घेऊन गेला. भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती. ‘पण गळ टाकून बसलेल्या माणसाला बोलावेच लागत नाही,’ काका सांगतात, ‘त्या देशात मला पहिल्यांदा बरे वाटले ते तिथे.’

आता सामानाकडे वळू. शेतकऱ्याला अवजाराची गोष्ट आवडतेच.

काकांची जुनी काठी बांबूची आहे. पण अख्ख्या बांबूची नव्हे. बांबू चिरून त्याच्या तिकोनी कामट्या तासायच्या, सहा कामट्या कडेला कड लावून सरसाने जोडायच्या, म्हणजे आतून भरीव अशी सहा पैलूंची काठी तयार होते. बांबूची ताकद सालीखालच्या चिवट थरात असते. या पद्धतीत तो थर सगळ्या बाजूंनी बाहेर राहतो. पूर्वी या कामाला आपल्याकडचा बांबू जाई आणि ‘कलकत्ता बांबू’ याच नावाने विके. पुढे दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू अधिक सरळ आणि चिवट ठरला व त्याने बाजार धरला. काठीला जागोजागी कड्या असतात, त्या रेशमी दोऱ्याने गुंडाळून वर व्हार्निश देतात. अशी काठी ओली ठेवली की सरस सुटतो, कोपऱ्यात टेकवून ठेवली की तिला बाक येतो. पुसून, वाळवून, कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगायची. १९७० च्या दशकात कार्बनच्या तंतूंच्या काठ्या आल्या. त्या वजनाला निम्म्याहून हलक्या आणि देखभाल काही नाही. बांबूची काठी मागे पडली.

रिळाची गंमत आणखी निराळी. जुने रीळ म्हणजे एका खिळ्यावर फिरणारे चाक. सेंटरपिन म्हणतात त्याला. चाक इतके हलके बसवलेले की फुंकर मारली तरी फिरत राहते. वाहत्या पाण्यात तरंगती काडी सोडली की प्रवाहच दोरा ओढून नेतो, आणि माणसाने अंगठ्याने चाकाला लगाम घालायचा. काकांजवळचे रीळ रेडिचच्या ऑलकॉक कारखान्याचे, ‘एरियल’ नावाचे. रेडिच हे बर्मिंगहॅमजवळचे गाव. शिवणाच्या सुया तिथे बनत, आणि सुई बनवणाऱ्या हातांनीच गळ बनवायला घेतले. तारेचा तुकडा, त्याला टोक, मग काटा, मग वाक, शेवटी तापवून पाणी देणे, काम एकाच जातीचे. आपल्या लोहाराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या तऱ्हेच्या रिळाचा जन्म सूतगिरणीतला आहे. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीचे मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत कसे अलगद सुटते, बॉबिन मात्र जागची हलत नाही, तीच युक्ती त्यांनी दोऱ्याला लावली. त्यामुळे नवशिक्याचाही गळ लांब पडू लागला. आज बाजारात मिळणारी बहुतेक रिळे याच वंशातली.

आणि गळाला बांधायचा दोरा? आपण तंगूस म्हणतो तो नायलॉनचा दोरा येण्यापूर्वी तिथे शेवटचा हातभर भाग रेशीमकिड्याचा असे. रेशमाचा म्हणत नाही मी, किड्याचाच म्हणतो. स्पेनमध्ये मुर्सिया भागात हा धंदा चाले. कोश विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये भिजवायचा, त्याच्या पोटातली रेशमाची पिशवी बाहेर काढायची आणि दोन्ही टोके धरून एका झटक्यात ताणायची. जो पारदर्शक, चिवट तंतू निघेल तो वाळवून विकायचा. वाळला की तो कडकडीत होई, म्हणून गळ बांधण्याआधी पाण्यात भिजवत ठेवावा लागे. तुती लावून रेशीम घेणारे आपले वाचक पुष्कळ आहेत, त्यांना मुद्दाम सांगतो. काकांच्या त्या म्हाताऱ्या सोबत्याने अशा तंतूंची एक जुडी त्यांना आठवण म्हणून दिली. तिला आता कोणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद आहे.

तरंगत्या काड्या मात्र आपल्या ओळखीच्या. सायाळीच्या काट्याची, मोरपिसाच्या देठाची, बदकाच्या पिसाची. वरच्या टोकाला लाल रंग, खाली दोन मणी शिशाचे. हे मणी हंसांना भोवले. कोंबडी जशी दाणे भरडण्यासाठी बारीक खडे गिळते तसेच हंसही गिळतात, आणि काठावर सांडलेले मणी खडे समजून त्यांनी गिळले. शिशाचे विष चढून पुष्कळ मेले. म्हणून १९८७ साली लहान शिशाच्या मण्यांची विक्री तिथे कायद्याने बंद झाली.

काकांच्या पहिल्या मोठ्या माशाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सेव्हर्नमध्ये बार्बेल हा मासा पूर्वी नव्हता. १९५६ साली केनेट नदीतून आणून तो तिथे सोडला आणि पुढे खूप वाढला. काकांच्या गळाला तो लागला तेव्हा, त्यांच्या शब्दांत, ‘बैल दावे तोडतो तशी ओढ.’ पंधरा-वीस मिनिटांनी मासा काठावर आला. पाहतात तर तोंडाशी चार मिशा, अंगावर सोनेरी खवले. त्यांना नीरेच्या डोहातला खडस आठवला, लहानपणी आजोबांबरोबर पाहिलेला. आठवण चुकीची नव्हती. आपला खडस म्हणजे दख्खनचा महसीर हा त्या बार्बेलचाच भाऊबंद. दोघांच्याही तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्या मुळा-मुठेत आज खडस शोधून पाहा!

सोबत्याने तो बार्बेल तोलला, ओल्या हाताने धरला, प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडून दिला. काका म्हणतात, ‘माझ्या जिवाला चटका बसला. एवढ्यात चार माणसांची आमटी झाली असती.’

इथे आपल्या पत्रलेखकाचा प्रश्न येतो. पुष्कळांना वाटते, मासा सोडणे ही पोट भरलेल्यांची चैन. थोडी आहेही. पण मला त्यातली खरी गोष्ट निराळी वाटते, ती म्हणजे बंदीचे तीन महिने. १८७८ साली तिथे कायदा झाला, की १५ मार्च ते १५ जून या काळात भरड माशांवर गळ टाकायचा नाही. कारण तिकडे पाणी तापू लागले की याच सुमारास हे मासे अंडी घालतात. कायदा मांडला शेफिल्डचे खासदार मंडेला यांनी, आणि त्यांच्यामागे जोर होता तो शेफिल्डच्या गळवाल्या कामगारांचा. वरून लादलेले नव्हे, मासे पकडणाऱ्यांनीच मागून घेतलेले बंधन! तळ्यांवरची आणि कालव्यांवरची सक्ती १९९५ आणि २००० साली बहुतेक ठिकाणी उठली. नद्यांवर ती आजही आहे.

त्या तीन महिन्यांत काय करायचे? काकांची पेटी उघडे ती त्याच दिवसांत. काठीचे जुने व्हार्निश घासून नवे द्यायचे, सुटलेला रेशमी दोरा पुन्हा गुंडाळायचा, रिळात तेलाचा थेंब सोडायचा, काड्यांची टोके रंगवायची. आपण चैत्र-वैशाखात पाभर-कुळव सुताराकडे नेतो, अगदी तसेच. साठ वर्षांची रिळे आज गुळगुळीत फिरतात आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात शेकडो पौंडांना जातात, ती त्या बंदीच्या दिवसांतल्या देखभालीमुळे. मग १५ जूनची रात्र. कारखान्यातले लोक कंदील आणि चहाचे थर्मास घेऊन काठावर आधीच जाऊन बसत. पाण्यात टेंच बुडबुडे सोडताना दिसे, पण गळ पाण्यात पडायचा तो रात्रीचे बारा वाजल्यावरच. ‘पाहणारे कोणी नसे,’ काका म्हणतात, ‘तरी कोणी घड्याळ पुढे करत नसे.’

तारखा जरा पडताळून पाहा. त्यांची बंदी उठते १६ जूनला. त्याच सुमारास आपल्याकडे मृगाचा पाऊस पडतो, ओढे लाल होऊन वाहू लागतात आणि मासा पुराच्या उलट वर चढू लागतो. म्हणजे त्यांच्या माशाचे बाळंतपण उरकते तेव्हा आपल्याकडचे सुरू होते. आणि नेमक्या याच दिवसांत आपण ओढ्याच्या तोंडाशी जाळे आडवे बांधतो. चढणीचा मासा, पोटात गाभोळी, चवीला सर्वांत चांगला! किलोभर वजनाच्या एका रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ती एका कालवणात संपतात. मग ऑक्टोबरात तोच शेतकरी मला विचारतो, ‘साहेब, नदीत मासा का राहिला नाही?’ धरणे, मळी, वाळूउपसा ही कारणे आहेतच, त्यांच्यापुढे आपले हात तोकडे पडतात. मृगापासून नागपंचमीपर्यंत गावच्या ओढ्याला जाळे न बांधणे मात्र ग्रामसभेच्या हातचे आहे. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे, तो कोणत्याही महिन्यात.

खडस पाहायचाच असेल तर लोणावळ्याजवळ वळवणला टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास करतात. त्यांचे बीज ठिकठिकाणच्या पाण्यात सोडले गेले आहे.

आपल्या शेततळ्यातला सायप्रिनस म्हणजे तिकडचा कार्प, हेही जाता जाता सांगतो. त्याच्यापायी तिथे माणसे वेडी होतात. रिचर्ड वॉकर नावाच्या इंजिनिअरने १९५२ च्या सप्टेंबरात रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा कार्प पकडला, तोही स्वतः बांधलेल्या बांबूच्या काठीवर. मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला, तिथे तो १९७१ पर्यंत जगला. आपण आठशे ग्रॅमचा झाला की बाजारात नेतो, आणि तेच बरोबर आहे. शेततळे हे पीक आहे, त्याला काढणी हवीच. नदीला कोणी पेरत नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

काका गावी आले की दिवाळीनंतर नदीच्या बंधाऱ्यावर बसतात. गळाला कणकेची गोळी, सोबत गावातली चार-पाच पोरे. रोहू किंवा मरळ लागला की पोरांना दाखवून, हात ओले करून परत सोडतात. पोरे हळहळतात. चिलापी मात्र ते सोडत नाहीत. बाहेरून आलेला मासा, वर्षातून अनेकदा वितो, पिले तोंडात सांभाळतो आणि दुसऱ्यांचा चारा खातो. तो पिशवीत जातो, आणि काकूंच्या तव्यावर.