आधी खाट, मग कागद!

रोगाला सरहद्द कळत नाही; ती कळते सरकारी कचेरीला. 2023 साली महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा तत्कालीन कर्नाटक सरकारला ती आपल्या अधिकारातील ढवळाढवळ वाटली. रुग्णाच्या उशाशी हद्दीचा तंटा मांडणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे. मध्यरात्री निपाणीकराच्या छातीत कळ आली, तर त्याने कोठे धावावे? कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव सुमारे 75. अशा वेळी नकाशा पाहावयाचा की घड्याळ?

कर्नाटकाची स्वतःची योजना आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण आहे, आणीबाणीच्या ठरावीक उपचारांना सरकारी रुग्णालयाच्या शिफारसपत्राची अटही नाही. हे योग्यच झाले. परंतु दारिद्र्यरेषेच्या वर चार बोटे असलेल्या कारकुनाच्या वा दुकानदाराच्या पदरी काय? योजनेच्या दराचे अवघे 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत! उरलेली रक्कम त्याने त्या रात्री कोणाच्या दारी मागावी?

1992 साली बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत धाडले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला 25 हजार रुपयांची भरपाई देवविली. तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या 21व्या कलमातील जीविताचा हक्क नाकारणे होय, आणि पैशाची अडचण ही सबब नव्हे, असे न्यायालयाने बजावले. पुढे मे 2025 मध्ये केंद्राने रस्त्यावरील अपघातग्रस्तांसाठी दीड लाखापर्यंत, सात दिवसांचा विनारोकड उपचार जाहीर केला. तेथे शिधापत्रिकेचा रंग विचारला जात नाही. मग मोटारीखाली सापडलेल्याला जो न्याय, तो सर्पदंश झालेल्याला का नाही? अडलेल्या बाळंतिणीने कोणता गुन्हा केला?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आणीबाणीत जवळच्या रुग्णालयाने रुग्णास आधी दाखल करून घ्यावे, कागद मागाहून पाहावेत. आणि बिलाचा हिशेब बेळगाव-कोल्हापूरच्या वाटेवर नव्हे, तर बंगळूर आणि मुंबईच्या तिजोऱ्यांनी आपसांत मिटवावा. सीमेचा निकाल न्यायालयात लागेल तेव्हा लागो. दवाखान्याचे दार तोवर बंद राहता कामा नये. वाचकहो, मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हाच प्रश्न विचारा आणि उत्तर मिळाल्याखेरीज त्याला उंबऱ्यावरून हलू देऊ नका!