कंपनी गेली, शाळा राहिली

आपल्या जिल्ह्यात संगणक कंपन्या याव्यात, असे हल्ली प्रत्येक गावच्या पुढाऱ्याला वाटते. जमीन स्वस्त द्या, कर माफ करा, वीज-पाणी पुरवा, की कंपन्या धावत येतील, असा हिशोब मांडला जातो. हा हिशोब अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायचा असेल, तर आयर्लंडमधील लिमरिकचे उदाहरण पाहावे.

आयर्लंडमध्ये जिल्ह्याला काउंटी म्हणतात. लिमरिक ही त्या देशाच्या पश्चिम भागातली काउंटी. जाळीच्या कापडावर हाताने भरलेल्या लेसमुळे कापडाच्या व्यापारात तिचे नाव जुने आहे. पण लेसवर सगळ्या जिल्ह्याचे पोट भरत नाही. १९७७ साली तेथील फेरेंका नावाचा, टायरसाठी पोलादी तार बनवणारा परदेशी कारखाना बंद पडला आणि सुमारे १४०० माणसे बेकार झाली.

अशा ठिकाणी १९९१ मध्ये डेल ही अमेरिकन कंपनी संगणक बनवू लागली. सवलती होत्याच. कारखानदारीच्या नफ्यावर आयर्लंडने १९८१ पासून फक्त १० टक्के कर ठेवला होता. शॅनन विमानतळ जवळ होता. तेथे १९५९ पासून जकातमुक्त उद्योगक्षेत्र होते. सरकारचे औद्योगिक विकास प्राधिकरण परदेशी कंपन्यांच्या दारोदार फिरून त्यांना बोलावत होते.

पण सवलती दुसरे देशही देतात. आयर्लंडची पेरणी त्याआधीची होती. १९६७ साली त्या देशाने माध्यमिक शिक्षण मोफत केले. हा निर्णय घेणारे शिक्षणमंत्री डोनो ओ'मॅली हे लिमरिकचेच. १९७२ मध्ये लिमरिकला तंत्रशिक्षणाची मोठी संस्था निघाली. तेथील विद्यार्थ्यांना शिकतानाच कारखान्यात काम करावे लागे. १९८९ मध्ये ती विद्यापीठ झाली. कंपनी आली तेव्हा शिकलेली माणसे तयार होती.

किल्डेअर काउंटीत १९८९ मध्ये इंटेल कंपनी आली, ती गोष्टही अशीच. अनुभवी इंजिनियर मिळतील काय, ही तिची शंका होती. तेव्हा प्राधिकरणाने अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आयरिश इंजिनियरांना गाठून विचारले. घरी काम मिळाले तर परत येऊ, असे बहुतेकांनी सांगितले. ते ऐकून कंपनीची खात्री पटली. पुढे कराचा दर वाढला, तरी इंटेल तेथेच राहिली. २०२३ मध्ये तिने १७ अब्ज युरो खर्चाचा नवा कारखाना तेथे सुरू केला.

आता नाण्याची दुसरी बाजू. जानेवारी २००९ मध्ये डेलने लिमरिकमधील १९०० नोकऱ्या कमी करून उत्पादन पोलंडमधील वूच शहरात नेण्याचे जाहीर केले. तेथे मजुरी कमी होती आणि सरकारी मदतही मिळाली होती. हे वूच म्हणजे एके काळी पोलंडचे मँचेस्टर म्हणवणारे जुने कापडगाव. पण त्याच्याही नशिबी डेलची कायमची सोबत नव्हती. पुढे तो कारखाना डेलने फॉक्सकॉनला विकला. जी कंपनी केवळ स्वस्ताईसाठी येते, ती स्वस्ताईसाठीच जाते.

व्यापाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. युरोपीय संघाने बेकार झालेल्यांसाठी १ कोटी ४८ लाख युरोंची मदत मंजूर केली. ती सुमारे २४०० कामगारांसाठी होती आणि त्यांत डेलला माल व सेवा पुरवणाऱ्या धंद्यांतले कामगारही होते. मोठे गिऱ्हाईक उठले की लहान पेढ्या बसतात. एकाच शेठसाठी माग चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तरीही लिमरिक बुडाले नाही. डेलचे काही काम तेथे राहिले. तिचा रिकामा कारखाना पुढे रिजेनेरॉन या अमेरिकन औषध कंपनीने घेतला आणि तेथे औषधनिर्मिती सुरू केली. माझ्या मते याचे मोठे कारण विद्यापीठ हेच. कंपनी सामान बांधून गेली, पण लोकांची तालीम कुणाला बांधून नेता आली नाही.

सवलतीशिवाय कंपनी दारातही उभी राहत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. दुकानाची पाटी झगझगीत असावीच. पण आत माल नसेल, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. जिल्ह्याचा माल म्हणजे त्याची शिकलेली मुले-मुली.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या आपल्या मागांच्या गावांत संगणक कंपन्या आणण्याची भाषा होईल, तेव्हा व्यापारी मंडळींनी पुढाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. आपल्या शाळांत, मग त्या उर्दू असोत वा मराठी, गणित-विज्ञानाचे शिक्षक पुरे आहेत काय? तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलाला शिकतानाच काम मिळेल अशी सोय आहे काय? आणि कंपनी उद्या उठून गेली, तर गावात काय उरेल? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर जमीन देण्याची घाई करू नये.

ज्यांना अशा कंपन्यांशी धंदा करायचा आहे, त्यांनी तो जरूर करावा. गणवेश पुरवावेत, खानावळ चालवावी, गाड्या लावाव्यात. मात्र सगळे भांडवल एकाच खात्यात अडकवू नये. आणि नफ्यातला काही हिस्सा गावच्या शाळेकडे वळवावा. तो पैसा कंपनीबरोबर परगावी जात नाही.